पाचर

पूर्णा जंक्शनला, लोको शेडच्या मागं,
निजामाच्या रेल्वेनं बांधलेला बंगला,
आता मधोमध भिंत घालून दोन क्वार्टर केलेत.
उत्तरेच्या तीन खिडक्या आमच्या वाट्याला:
बाहेर उघडत नाहीत, आत उघडत नाहीत,
खालून वर सरकतात.
म्हणजे, सरकायच्या.
डिसेंबरात त्यांच्यातून येणारी हवा
मानेवर कुणी ओलं बोट ठेवावं तशी.

सुमेधचा पलंग मधल्या खिडकीखाली.
आठ वर्षांचा, छातीत मांजर पाळलेला.
वाऱ्यापासून जपा, डॉक्टर म्हणाले.
मी बसते तिकीटखिडकीत;
दिवसभर एका भोकातून जग येतं माझ्याकडं,
घरी आलं की तिन्हींतून.

अर्ज केला. उत्तर आलं:
नव्या अॅल्युमिनियमचा विचार होईल,
निधी आल्यावर.

मग मदार मिस्त्री आला, हत्यारांच्या आधी
उदबत्ती मागितली.
पेटवून चौकटीच्या कडेकडेनं फिरवली.
धूर सरळ चढायचा, आणि कोपऱ्यात
कुणी मागून हाक मारल्यासारखा वळायचा.
वळला तिथं खडूनं फुली.
सत्तेचाळीस फुल्या. सुमेधनं मोजल्या.

बगलेची फळी काढली तर
आत खिडकीचं पोट:
काकडीएवढी दोन लोखंडी वजनं,
एक दोरीला लटकलेलं,
एक तळाशी, विहिरीत सुटलेल्या पोहऱ्यासारखं.
"लाकूड कामून बदलता बाई? सागवान हाय.
म्हातारी झाली ती दोरी."

खडूची भुकटी, जवसाचं तेल,
उकिडवं बसून मळलं भाकरीच्या पिठागत.
घरभर चटणीचा वास.
सुमेधनं चिमूटभर चाटून पाहिलं, थुंकला.
हिरवा रंग खरवडला, खाली पिवळा निघाला,
त्याखाली तपकिरी; मिस्त्री तिथंच थांबला.
दोन चौकटी जिथं भेटतात तिथं
उसवलेल्या स्वेटरची लोकर,
खोबणीत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या,
आणि काच वाजू नये म्हणून
बाभळीच्या नखाएवढ्या पाचरी.
मजुरी सहाशे. ट्यूबचे पैसे घेतले नाहीत.

रात्री उदबत्ती लावून पाहिली.
धूर, इन्स्पेक्शनला उभा केल्यासारखा, सरळ.

काचा वाजायच्या थांबल्या तेव्हा कळलं
त्या किती बोलायच्या.
सुमेध झोपेतच ओळखायचा:
ही देवगिरी. ही अकोल्याची.
ही रिकामी, उड्या मारत चाललीय.
आणि पहाटे तीनच्या सुमाराला
एक लांब, ढिली मालगाडी,
तिच्या शेपटाला ब्रेकव्हॅनचा सुटा ठोका.
"पप्पा आले."
अर्ध्या तासानं मुरहारी दार वाजवायचा,
पोरगं आधीच दाराशी, पायात माझ्या चपला.

चौथ्या रात्री दार वाजलं,
उघडायला मीच गेले.
मुरहारी डबा, बॅटरी हातात तशीच धरून
पलंगापाशी उभा राहिला.
पोरगं गाढ. छातीतलं मांजर गप्प.
"बरंय की," म्हणाला.
मग बराच वेळ बूट काढत बसला.

आठवड्यानं कंपासपेटीत
कर्कटकाखाली सापडली एक पाचर,
टोकाला दातांच्या खुणा.
मी काही विचारलं नाही.
मधल्या खिडकीची काच
पुन्हा थोडं थोडं बोलत होती,
आणि पडद्याची कड हलत होती.

पाचर परत ठोकायला बत्ता हातात घेतला,
ठेवून दिला.
पलंग ओढला दक्षिणेच्या भिंतीला,
एकटीनंच, फरशी करकरत.
"हितून ऐकू येतं का?"
तो डोळे मिटून थांबला.
दूर, पुलावर काहीतरी चढत होतं.
"येतंय," म्हणाला. "पण कोळशाची आहे ही."
आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.